वाजवत होते एक, पिळत होते दुसरीच

गिटार घेऊन महिनाही झाला नव्हता. क्लासला निघायला पाऊण तास होता, म्हणून मोबाइलवरचा ट्यूनर, म्हणजे सूर बरोबर आहे का ते काट्याने दाखवणारं अ‍ॅप, लावून पहिली तार छेडत किल्ली पिळत बसले होते. काटा जागचा हलेना. अजून पिळली, तरी हलेना. मग टण्णकन आवाज आला आणि मनगटावर लाल ओरखडा उठला. पाहते तर दुसरी तार तुटलेली! छेडत होते पहिली आणि पिळत होते दुसरीची किल्ली. पुढे कितीतरी नवख्यांना मी हेच करताना पाहिलंय. तेव्हा आधी तारेवर बोट ठेवून थेट तिच्या खुंटीपर्यंत जायचं, मगच किल्लीला हात लावायचा. आणि तोंड गिटारवर वाकवून पिळायचं नाही. माझं मनगटावर निभावलं.

दुकानात मी "गिटारची तार द्या" म्हटलं. "स्टीलची की नायलॉनची? नंबर कितीचा?" मी गप्प. नंबर म्हणजे जाडी. पाकिटावर 12-53 असेल तर पहिली तार 0.012 इंच, म्हणजे साधारण 0.3 मिलिमीटर, आणि सहावी 0.053 इंच. कोवळ्या बोटांना 10 किंवा 11 चा सेट बरा. मात्र नायलॉनच्या क्लासिकल गिटारवर स्टीलच्या तारा कधीच चढवू नका. 12 चा सेट सुरात आला की सहा तारांची ओढ मिळून 70 किलोंच्या वर जाते, नायलॉनची साधारण 40. एवढ्या ताणाने ब्रिज, म्हणजे तारा खाली ज्यात अडकवतात तो लाकडी तुकडा, उखडून हातात येऊ शकतो.

तुटलेली तार लगेच फेकू नका, कुठे तुटली ते बघा. दर वेळी ब्रिजवरच्या पांढऱ्या पट्टीपाशीच तुटत असेल तर त्या पट्टीला बारीक धार आली आहे. झिरो नंबरचा पॉलिश पेपर अलगद फिरवा. पिळताना वरच्या नटमधून (किल्ल्यांच्या खालची खाचांची पट्टी) टिक् टिक् आवाज येऊन सूर उडी मारत असेल तर तार खाचेत अडकतेय. तिथे पेन्सिलीचं शिसं घासायचं, काम होतं. आणि तार काळपट, खरखरीत झाली असेल तर तो घामाचा आणि दमट हवेचा गंज. मुंबईत, कोकणात हे फार लवकर होतं.

आता बदलायची कशी? तार धरून ठेवणारी ब्रिजची पिन पकडीने उपटू नका, मोडते. तार सैल करून थोडी आत ढकला. तरी निघत नसेल तर गिटारच्या पोटात हात घालून नाण्याने खालून रेटा. नव्या तारेच्या टोकाची गोळी भोकात सोडा, पिनची खाच तारेकडे ठेवून पिन बसवा आणि तार वर ओढा, म्हणजे गोळी आतल्या लाकडाला टेकते. गोळी नुसती पिनच्या टोकावर टेकली असेल तर सुरात येता येता पिन उडून बाहेर येते.

खुंटीत ओवताना दोन इंच ढील ठेवा. बारीक तारेला तीनेक वेढे हवेत, जाड तारेला दोन पुरतात. वेढे वरून खाली, एकाखाली एक. तार खुंटीच्या आतल्या बाजूने यायला हवी. मी पहिल्यांदा बाहेरून गुंडाळली होती आणि अर्धा तास सगळ्या किल्ल्या उलट का फिरतात याचा विचार करत होते.

सुरात लावली की दहा मिनिटांत उतरणार. आमच्या आत्याच्या तंबोऱ्याचंही तेच. ती म्हणायची, "नवी तार आधी दमव, मग जुळव." तार मध्यावर धरून हळूच वर ओढायची, पुन्हा सुरात आणायची, असं चार-पाचदा. उरलेलं टोक शेवटी कापा, अगदी खुंटीलगत. दोन मिलिमीटर जरी राहिलं तरी कधीतरी बोटाच्या पेरात घुसतंच.

क्लासला त्या दिवशी पोचलेच नाही. संध्याकाळी दुसरी तार लागली आणि बाकीच्या पाच जुन्या तारांमध्ये एकटीच घंटेसारखी खणखणायला लागली. रविवारी पूर्ण सेट आणावा लागला.