चिंतेच्या गोळ्या आणि लैंगिक तक्रारी: पुरुषांनो, या चुका टाळा

तपासणी संपत आलेली असते. डॉक्टर विचारतात, "बाकी सगळं ठीक?" चिंतेवर गोळ्या घेणारा तो "हो" म्हणतो, उठतो, दाराशी जाऊन मागे वळतो. "एक विचारायचं होतं..." पण बाहेर पुढचा पेशंट उभा असतो, म्हणून "नाही, काही नाही, पुढच्या वेळी." घरी आल्यावर गोळ्यांची पट्टी ड्रॉवरच्या तळाशी जाते. थोड्याच दिवसांत छातीतली धडधड परत.

न बोलणं ही पहिली चूक, आणि ती बहुतेक जण करतात. स्पेनमधल्या संशोधकांनी १९९७ साली चिंता-नैराश्यावरच्या एसएसआरआय गटातल्या गोळ्या घेणाऱ्या ३४४ स्त्री-पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. लैंगिक तक्रार आपणहून सांगणारे जेमतेम १४ टक्के निघाले. थेट विचारल्यावर तोच आकडा ५८ टक्क्यांवर गेला.

दुसरी चूक जास्त नडते. बोलायचं ठरवलं, तरी माणूस "जरा प्रॉब्लेम आहे" एवढंच सांगतो. पण कसला? इच्छाच होत नाही, की इच्छा आहे पण ताठरता टिकत नाही, की ताठरता आहे आणि वीर्यपतनच होत नाही? या तीन वेगळ्या तक्रारी आहेत आणि तिघींचे उपायही वेगळे. एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन यांसारख्या एसएसआरआय गटातल्या गोळ्यांनी मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाचा प्रभाव वाढतो, मन शांत होतं; पण त्याच सेरोटोनिनमुळे वीर्यपतन लांबतं, कधी अजिबात होत नाही. पॅरोक्सेटिनमध्ये हे फार दिसतं. (म्हणूनच शीघ्रपतनाच्या रुग्णाला काही डॉक्टर मुद्दाम याच गटातली गोळी देतात.) अर्धा तास झाला, दोघंही दमली, शेवटी त्याने नाद सोडला, असं होत असेल तर त्याला नपुंसकत्व म्हणू नये. ताठरता शाबूत आहे, अडलंय पुढे.

हा फरक कळला नाही की माणूस तिसऱ्या चुकीकडे वळतो: कुणाला न विचारता सिल्डेनाफिल. ही गोळी लिंगातला रक्तप्रवाह वाढवते, म्हणजे ताठरतेची तक्रार असेल तर उपयोगी. इच्छा ती निर्माण करत नाही आणि लांबलेलं वीर्यपतन तिने सहसा सुटत नाही. छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने ती घेतली तर रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळू शकतो. "त्याच कामाची" म्हणून मित्राने दिलेली डापोक्सेटिन (ही खरं तर शीघ्रपतनावरची गोळी) तर एसएसआरआयबरोबर घ्यायचीच नाही. सेरोटोनिन बेसुमार वाढून जिवावर बेतू शकतं.

गोळी परस्पर बंद करणं ही सगळ्यांत महाग पडणारी चूक. पॅरोक्सेटिन किंवा व्हेनलाफॅक्सिन अचानक सोडल्यावर चक्कर, चिडचिड, मळमळ, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं, हे सगळं दोन-तीन दिवसांत सुरू होऊ शकतं. माणसाला वाटतं आजार उलटला. अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम या लगेच शांत करणाऱ्या, वेगळ्या गटातल्या गोळ्या रोज बरेच दिवस घेऊन एकदम थांबवली तर फिट येऊ शकते. "फक्त शनिवार-रविवार गोळी चुकवतो" ही युक्तीही ऐकायला मिळते. फ्लुओक्सेटिन शरीरात आठवडेच्या आठवडे रेंगाळते, दोन दिवसांच्या सुट्टीने तिला काही फरक पडत नाही. लवकर उतरणाऱ्या गोळ्यांत तीच सुट्टी त्रासाची ठरू शकते.

उलट बाजूने, प्रत्येक गोष्टीचं खापर गोळीवर फोडणंही बरोबर नाही. चिंता स्वतःच कामेच्छा खाते. म्हणून तारीख आठवा: तक्रार गोळीच्या आधीपासून होती, की गोळी सुरू झाल्यावर किंवा डोस वाढल्यावर आली? पहाटे ताठरता येते का? ती नेहमीसारखी येत असेल आणि जोडीदाराजवळच घोटाळा होत असेल, तर धास्तीचा वाटा मोठा असू शकतो. मधुमेह, रक्तदाबाच्या काही गोळ्या, दारू हेही तपासावं लागतं.

"होईल आपोआप कमी" म्हणून महिनोन्‌महिने वाट पाहू नका. मळमळ बहुधा दोन-चार आठवड्यांत ओसरते, हा त्रास तितक्या सहज जात नाही. डॉक्टरांकडे मार्ग असतात: डोस उतरवणं, गोळी बदलणं, बुस्पिरॉनसारखं चिंतेवरचं वेगळं औषध वापरून पाहणं, समुपदेशनावर भर देणं. बुप्रोपिऑन या नैराश्यावरच्या गोळीचं नाव बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळेल. पण तिने काहींची अस्वस्थता वाढते, आणि फिटचा त्रास असलेल्याला ती देत नाहीत. बहुतेकांचा त्रास गोळी बदलल्यावर किंवा थांबल्यावर जातो. काहींचा मात्र नंतरही राहतो. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१९ साली तशी सूचना माहितीपत्रकात घालायला सांगितली. असं झालं तर "मनाचे खेळ" म्हणून गप्प बसू नका.

बायकोला किंवा जोडीदाराला सांगितलं नाही, तर समोरची व्यक्ती स्वतःचे अर्थ लावते: मी आवडेनाशी झाले, दुसरं कुणी आहे. "गोळीमुळे असं होतंय, डॉक्टरांशी बोलणार आहे" एवढं एक वाक्य पुरतं.

आणि पुढच्या भेटीआधी फोनमध्ये लिहून ठेवा: "गोळी सुरू होऊन सहा आठवडे. तिसऱ्या आठवड्यापासून वीर्यपतन होत नाही. इच्छा आहे, ताठरता आहे. धडधड कमी झाली आहे, गोळी सोडायची नाही." शब्द घशात अडकले तर फोनच डॉक्टरांपुढे धरा, खुर्चीतून उठायच्या आधी.