मालिका भागाच्या मध्यावर थांबवा
‘एकच भाग बघू’ म्हणत रात्रीचे 2 वाजतात, कारण भागाचा शेवट मुद्दाम पेचात सोडलेला असतो. तिथे थांबणं सगळ्यात अवघड. त्यापेक्षा पुढच्या भागाची पहिली 10-15 मिनिटं बघा. आधीचा पेच बहुतेक वेळा तेवढ्यात सुटतो. तिथेच टीव्ही बंद करा.

नेटफ्लिक्सवर पुढचा भाग आपोआप सुरू होणंही थांबवा. ब्राउझरमधून खातं उघडा, आपलं प्रोफाइल निवडा, प्लेबॅक सेटिंग्जमधली ऑटोप्लेची खूण काढा आणि सेव्ह करा. टीव्हीवर फरक पडला नाही, तर दुसऱ्या प्रोफाइलवर जाऊन परत या. ही सेटिंग प्रत्येक प्रोफाइलची वेगळी असते. मुलांच्या प्रोफाइलवर बघत बसलात, तर मुसळ केरात!