विज्ञानकथेतील दलासाठी पदचिन्हे कशी घडवावीत

विज्ञानकथेवर लघुपट, एकांकिका किंवा वेबमालिका करायचे ठरले की यान, शस्त्रे आणि परग्रहवासीयांचे मुखवटे यांवर पुष्कळ विचार होतो. पदचिन्ह, म्हणजे दल, काम आणि हुद्दा सांगणारी गणवेशावरची खूण, जसे छातीवरचा बिल्ला, मात्र चित्रीकरणाच्या आदल्या रात्री कुणीतरी घाईघाईने पुठ्ठ्यातून कापून काढतो. हा क्रम बदलायला हवा. पात्र तोंड उघडण्यापूर्वी प्रेक्षकाला त्याच्याविषयी जे कळते, त्यातले बरेचसे गणवेशावरच्या चिन्हांतून कळते, आणि ती चिन्हे विचारपूर्वक केलेली असली तर संवादांतील निम्मे स्पष्टीकरण वाचते.

कागदावर पहिली रेघ ओढण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत: हा माणूस कोणत्या दलाचा आहे, तो कोणते काम करतो आणि त्याचा हुद्दा काय. १९६६ साली सुरू झालेल्या 'स्टार ट्रेक' या अंतराळयानावर घडणाऱ्या अमेरिकी मालिकेत वेशभूषाकार विल्यम वेअर थीस यांनी या तिन्ही उत्तरांना तीन वेगळ्या जागा दिल्या. दल कोणते, हे डाव्या छातीवरच्या बाणाग्रासारख्या आकारातून कळे. काम कोणते, हे सदऱ्याच्या रंगातून आणि त्या आकाराच्या पोटातल्या खुणेतून कळे: सोनेरी सदऱ्यावर नेतृत्व विभागाचा उभट तारा, निळ्यावर विज्ञान विभागाची गोलाकार खूण, तर यंत्रविभाग आणि सुरक्षेच्या लाल सदऱ्यावर वळणदार सर्पिल. हुद्दा बाहीच्या टोकाशी असलेल्या सोनेरी फितींवर होता. कॅप्टन कर्कच्या बाहीवर दोन अखंड फिती आणि त्यांच्या मधोमध एक तुटक फीत, त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांपैकी स्पॉकच्या बाहीवर दोन अखंड, डॉक्टर मॅकॉयच्या बाहीवर एक अखंड व एक तुटक, उहुरा आणि सुलू यांना एकच, आणि नवख्या चेकॉव्हची बाही कोरी. या रचनेची खरी ताकद अशी की दुरून रंग दिसतो, थोडे जवळ आल्यावर बिल्ला दिसतो आणि हात हलला की हुद्दा दिसतो.

मात्र बाहीवरच्या फितीत एक अडचण आहे आणि नवख्या संकल्पकाने ती नीट समजून घ्यावी. दूरचित्रवाणीवरचे महत्त्वाचे संवाद चेहऱ्याच्या जवळून घेतलेल्या दृश्यांत होतात आणि त्या चौकटीत मनगट येतच नाही. १९८७ साली आलेल्या 'द नेक्स्ट जनरेशन' या पुढच्या मालिकेत हुद्दा कॉलरवर आला, तोही छोट्या गोल ठिपक्यांच्या रूपात. कॅप्टन पिकार्डच्या कॉलरवर चार भरीव ठिपके, कमांडर रायकरच्या कॉलरवर तीन, लेफ्टनंट कमांडर डेटाच्या कॉलरवर दोन भरीव आणि एक पोकळ. चेहरा जितका जवळ येईल तितके हे ठिपके स्पष्ट होतात. आपली चिन्हे पक्की करण्यापूर्वी कॅमेरा कुठे उभा राहणार हे दिग्दर्शकाला विचारून घ्यावे आणि हुद्द्याची खूण हनुवटी ते छातीचा वरचा भाग एवढ्या पट्ट्यात बसवावी.

त्या पोकळ ठिपक्यावर थोडे थांबण्यासारखे आहे, कारण मला ही संपूर्ण क्षेत्रातली सर्वांत शहाणपणाची उसनवारी वाटते. अमेरिकी नौदलात एन्साइनच्या, म्हणजे सर्वांत कनिष्ठ अधिकाऱ्याच्या, बाहीवर एक पट्टी असते, लेफ्टनंटच्या दोन, कमांडरच्या तीन आणि कॅप्टनच्या चार; लेफ्टनंट कमांडरच्या दोन जाड पट्ट्यांमध्ये एक बारीक पट्टी असते, म्हणजे बोलीत अडीच. भारतीय नौदलातही लेफ्टनंटपासून कॅप्टनपर्यंत हाच हिशेब आहे. मालिकेने पट्ट्या टाकून ठिपके घेतले, पण मोजणी तीच ठेवली आणि अर्ध्या पट्टीच्या जागी पोकळ ठिपका आणला. त्यामुळे ज्याला नौदलाची थोडी माहिती आहे त्याला शिकवावे लागत नाही, आणि ज्याला नाही त्यालाही ‘जास्त म्हणजे वरचा’ एवढे उमगते. यातून घ्यायचा नियम सरळ आहे: प्रत्यक्षातल्या दलाची मोजणी घ्यावी, त्याचे आकार घेऊ नयेत. आपल्या दलात पाचाहून अधिक हुद्दे दाखवायचे असतील तर भरीव, पोकळ आणि चौकटीतली अशा तीन प्रकारच्या खुणा पुरतात. त्याच मालिकेतल्या अ‍ॅडमिरलचे ठिपके चौकटीत बसवलेले होते.

रंगांच्या बाबतीत तीनापलीकडे जाताना जपून जावे. 'स्पेस: १९९९' या १९७५ च्या ब्रिटिश मालिकेत रूडी गर्नराइक यांनी फिकट गणवेशाची फक्त डावी बाही विभागानुसार रंगवली. कल्पना देखणी आहे, पण विभाग वाढले की प्रेक्षकाला रंग पाठ करावे लागतात. शिवाय कापड डोळ्यांना दिसते तसे पडद्यावर दिसेलच असे नाही: कर्कचा ‘सोनेरी’ सदरा प्रत्यक्षात हिरवट होता आणि दिव्यांखाली तो पिवळा दिसे. कापडाचा तुकडा ज्या दिव्यात चित्रीकरण होणार आहे त्याच दिव्यात कॅमेऱ्यातून पाहिल्याशिवाय ठाण विकत घेऊ नये.

आकार ठरवताना तो एकटा न ठरवता त्याचे कूळ ठरवावे. बाणाग्राचा आकार छातीवर असेल तर तोच दारावर, कागदपत्रांवर आणि यानाच्या अंगावर हवा. २००३ नंतरच्या 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'मध्ये कागदाचे कोपरेसुद्धा कापलेले आहेत आणि सैनिकांच्या गळ्यातले ओळखबिल्लेही अष्टकोनी आहेत, त्यामुळे ती संस्कृती आपली नाही हे कुणी न सांगता पटत राहते.

सर्वांत समृद्ध भाग यापुढचा आहे. चिन्ह बदलते तेव्हा कथा घडते, म्हणून ते कुठे बदलणार, मोडणार किंवा काढले जाणार हे पटकथा लिहितानाच ठरवावे. 'स्टार ट्रेक'च्या १९६७ मधल्या ‘मिरर, मिरर’ या भागात तेच यान आणि तेच चेहरे आहेत, पण चिन्हात पृथ्वीच्या गोलात खंजीर खुपसलेला आहे. समांतर जगातले साम्राज्य कसे आहे हे त्या एका चित्राने सांगितले. 'बॅबिलोन ५'च्या तिसऱ्या पर्वात अंतराळस्थानक पृथ्वीच्या हुकूमशाहीपासून फुटून निघते आणि पुढच्याच भागात अधिकाऱ्यांना मिनबारी या परग्रहवासीयांकडून नवे काळे गणवेश मिळतात. निष्ठा बदलली ती अंगावर दिसली. 'स्टारगेट एसजी-१'मधल्या टील्क या योद्ध्याचे उदाहरण तर मला फार थोर वाटते. त्याच्या कपाळावर ज्या खोट्या देवाचे चिन्ह आहे ते कातडी कापून त्यात वितळलेले सोने ओतून केलेले आहे. तो त्या देवाविरुद्ध बंड करतो, पण बिल्ला उतरवून ठेवण्याची सोय त्याला नाही. ज्याचा तो शत्रू झाला त्याची खूण कपाळी घेऊनच तो प्रत्येक लढाईला जातो. आपल्या दलात चिन्ह शिवलेले असेल, टोचलेले असेल की कातडीत कोरलेले, या एका निर्णयात त्या दलाचे आपल्या माणसांशी असलेले नाते येते.

आपल्याकडच्या कथेसाठी आपल्या इतिहासातून आकार घ्यायचे असतील तर ताजे आणि खरे उदाहरण समोर आहे. भारतीय नौदलाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्वीकारलेल्या नव्या ध्वजावर छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून प्रेरणा घेतलेला अष्टकोन आहे, आणि डिसेंबर २०२३ मध्ये अ‍ॅडमिरल दर्जाच्या अधिकाऱ्यांच्या खांद्यावर अष्टकोन, तलवार व दुर्बीण असलेली नवी पदचिन्हे आली. मुद्रेतला मजकूर न उचलता तिची बाह्यरेषा उचलली, म्हणून ती लहान आकारातही ओळखू येते. मंगळावरच्या मराठी वसाहतीचे दल रंगवताना हीच रीत वापरावी: किल्ल्याच्या बुरुजाची किंवा गलबताच्या शिडाची फक्त कड घ्यावी आणि आतली नक्षी सोडून द्यावी. नौदलाचे चिन्ह जसेच्या तसे मात्र घेऊ नये. आपण सैनिक आहोत असा समज व्हावा या हेतूने सैन्याचा वेश किंवा खूण वापरणे हा गुन्हा आहे, आणि रस्त्यावर चित्रीकरण करताना गैरसमज व्हायला वेळ लागत नाही.

बनवताना चकचकीत पितळ टाळावे, कारण त्यावर दिवा चमकून आकार पुसला जातो. फोम शीटचा तुकडा कापून त्यावर निस्तेज धातुरंग मारलेला बरा दिसतो. दाट बारीक रेघांचे भरतकामही नको, पडद्यावर त्या रेघा थरथरल्यासारख्या दिसतात. बिल्ला सेफ्टी पिनेने लावला तर तो पुढे कलतो, म्हणून कापडाच्या आतून लोहचुंबकाची पट्टी लावावी. प्रत्येक पात्राचा बिल्ला छातीच्या कोणत्या बाजूला आणि शिवणीपासून किती बोटांवर आहे याची नोंद व छायाचित्र वेशभूषेच्या वहीत ठेवावे, आणि पात्राला बढती मिळाल्यानंतरच्या दृश्यांसाठी दुसरा संच वेगळ्या पाकिटात, दृश्यक्रमांक लिहून ठेवावा, कारण दृश्ये कथेच्या क्रमाने चित्रित होत नाहीत.