बीज मोजा ते एप्रिलच्या पाण्यावर

आषाढ सरत आला की मत्स्यबीज, म्हणजे तळ्यात सोडायची माशांची पिल्लं, विकणाऱ्या बीजवाल्यांच्या गाड्या गावोगाव फिरू लागतात. शेततळी काठोकाठ भरलेली असतात आणि भरलेलं तळं बघून आपला हात सैल सुटतो. वीस गुंठ्यांचं तळं आहे, दोन हजार बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सहज मावेल, असा हिशेब बांधावर उभ्या उभ्या होतो. वर बीजवाला म्हणतो, "मर होतेच, थोडं जास्तीचं घ्या." त्याचा माल खपतो आणि एप्रिलात तळ्याकाठी मेलेले मासे तुम्ही गोळा करता.

कोकणात मासा बुडतो तो इथेच. रोगाने, खाद्याने जातो त्याहून जास्त तो ऑगस्टच्या पाण्यावर मोजलेल्या बीजाने जातो.

आपली जमीन जांभ्याची. प्लास्टिकचा कागद नसलेलं तळं दिवाळीनंतर रोज थोडं थोडं झिरपतं. ऑगस्टात २० गुंठे पसरलेलं आणि तीन मीटर खोल पाणी एप्रिलात आठ गुंठ्यांवर येतं, खोलीही जेमतेम मीटरभर उरते. बोटाएवढे सोडलेले मासे तोवर अर्ध्या किलोचे झालेले असतात. घराच्या खोल्या कमी होत गेल्या आणि माणसं वाढत गेली, तशी गत.

आता आकडे मांडू. कटला, रोहू, मृगळ या गोड्या पाण्यातल्या माशांच्या मिश्र शेतीची शिफारस हेक्टरी ५,००० ते १०,००० बोटुकली, म्हणजे गुंठ्याला ५० ते १००. पण ती वर्षभर दीड-दोन मीटर पाणी टिकणाऱ्या तळ्यासाठी. समजा २० गुंठ्यांना १,४०० सोडले, २०० मेले, १,२०० उरले. अर्ध्या किलोने ६०० किलो मासा झाला. एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) नसलेल्या तळ्यात गुंठ्याला २५ किलोच्या वर मासा सुखाने राहत नाही, असा माझा अंदाज. आठ गुंठ्यांत २०० किलो. म्हणजे तिप्पट गर्दी.

मग मासे आधी का काढत नाहीत? भावासाठी. १ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते, सुरमई-पापलेट दिसत नाही, तेव्हा तळ्यातल्या माशाला गिऱ्हाईक मिळतं. एरवी आपल्याकडे रोहू-कटल्याला नाक मुरडणारेच जास्त. जूनचा भाव बरोबर आहे, पण तिथवर मासा जिवंत पोहोचला पाहिजे.

गर्दीचं नुकसान मरतुकीच्या आधीच सुरू होतं, फक्त ते दिसत नाही. पाग (फेकायचं जाळं) टाकून चार मासे हातात घ्या. डोकं मोठं, पाठ सुरीसारखी धारदार, परांच्या मुळाशी लाली, खवले घासलेले, त्यावर चपट्या उवा चिकटलेल्या दिसल्या, तर तळं दाटलंय. खाद्य दांडग्यांना मिळतं, बाकीचे खुरटतात. विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया साचतो, कल्ल्यांना त्रास होतो आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. तेवढंच खाद्य कमी माशांना घातलं तर एकूण वजन फारसं घटत नाही, नग मोठा मिळतो आणि मोठ्या नगाला भावही बरा असतो.

आणि मग एखादी वळवाच्या ढगांची रात्र येते. दिवसभर ऊन नाही, त्यामुळे पाण्यातल्या शेवाळाने प्राणवायू तयार केलेला नसतो. रात्री मात्र शेवाळ, मासे आणि तळातला गाळ तिघंही तो खातात. पहाटे तो सर्वांत कमी असतो. लिटरला ५ मिलिग्रॅम चांगला, ३ च्या खाली धोका. पहाटे पाचला बांधावर चपचप आवाज आला, कटला तोंडं वर काढून आ करताना दिसला, की समजा वेळ थोडा आहे. मोठे मासे आधी जातात. तळ्याची औषधं विकणारा दुकानदार दुपारी बाराला पाणी तपासून "उत्तम आहे" म्हणतो, तेव्हा त्याला पहाटे बोलवा.

प्राणवायूच्या गोळ्या काही तास पुरतात. त्या रात्री जीव वाचवायला घरात असू द्या, ठीक. पण दाटलेलं तळं गोळ्यांवर, झिओलाइटवर (अमोनिया शोषणारी भुकटी), महागड्या प्रोबायोटिकवर (उपयोगी जिवाणूंची पावडर) चालवणं म्हणजे दुकानदाराचं तळं पाळणं. पंपाने तेच पाणी उपसून वरून फवाऱ्यासारखं सोडलं तर तोच उपयोग होतो. वीज जातेच, म्हणून इंजिनाचा पंप हाताशी ठेवा.

मोबाईलवर नॉर्वेचे समुद्रात मासे पाळायचे पिंजरे बघून कोणी म्हणेल, तिथे घनमीटरला २५ किलोपर्यंत सामन मासा ठेवायला कायदा परवानगी देतो. ते थंड आणि सतत वाहतं समुद्राचं पाणी. तोच आकडा आपल्या आठ गुंठ्यांना लावला तर २० टन होतात. हसा आणि सोडून द्या.

मार्ग दोनच. एक, एप्रिलात किती पाणी उरतं ते गेल्या वर्षीच्या खुणेवरून धरा आणि त्यावर बीज मोजा. वर हिशेब मांडलेल्या २० गुंठ्यांच्या तळ्याला ४००-४५० पुरे. दोन, जास्त सोडायचेच असतील तर संक्रांतीपासून दर पंधरवड्याला मोठे मासे काढत जा आणि होळीपर्यंत निम्म्याहून जास्त तळं मोकळं करा. मिळेल त्या भावाने विका.

बाकीची कामं:
– बोटुकली ८०-१०० मिलिमीटरची घ्या. जिरे (त्याहून लहान पिल्लं) स्वस्त, पण मर जास्त.
– बीजवाला वाटीने मोजून देतो, त्यातल्या एका वाटीतली पिल्लं स्वतः मोजा.
– बीजाची पिशवी १५-२० मिनिटं पाण्यात तरंगत ठेवून मग सोडा.
– चुना गुंठ्याला २ ते २.५ किलो.
– पेंड-कोंडा रोज तळ्यातल्या माशांच्या वजनाच्या २-३ टक्के. ढगाळ दिवशी बंद.
– कोपरापर्यंत हात बुडवा. पंजा दिसेनासा झाला तर शेवाळ फार झालंय, शेणखत थांबवा.

जिताडा हा शिकारी मासा पाळणाऱ्या पेण-अलिबागकडच्यांना एवढंच, की लहान-मोठा एकत्र ठेवला की मोठा लहानाला खातो आणि मोठाच उरतो, म्हणून आकारवारी करत राहा. तिलापिया एकलिंगी (फक्त नरांच्या) बीजाचा नसेल तर नकोच, ती तळ्यात पिल्लं घालून स्वतःच गर्दी करते. खाजणात वनामी कोळंबी करणाऱ्यांना चौरस मीटरला ६० ची सरकारी मर्यादा आहे. पण ती मर्यादा आहे, शिफारस नव्हे.

गेल्या वर्षीचा मासा तळ्यात अजून असेल तर आधी पाग टाकून अंदाज घ्या, तेवढे नग नव्या बीजातून वजा करा, आत मरळ हा पिल्लं खाणारा मासा शिरला असेल तर काढा. बीजवाल्याला फोन त्यानंतर.