किडनीच्या पेशंटले सर्दी-ताप आला तर खायला काय द्याचं

माझ्या मायचं डायलिसिस चालू हाय अन् मागच्या हिवाळ्यात तिले फ्लू झाला, तवा घरी येणारा जो तो शहाळं नाहीतर संत्री घेऊन ये. प्रेमानंच आणतात, पण दोन्हीत पोटॅशियम लय असते अन् किडनी ते बाहेर टाकत नाही, हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून सरळ नाही म्हणा. सफरचंदाच्या दोन फोडी चालतात.

तापात जेवण जात नाही, म्हणून थोडं थोडं पाच-सहा वेळा द्या. मी मऊ भात, त्यावर चमचाभर तूप अन् अंड्याचं उकडलेलं पांढरं कुस्करून देत होतो, एका पांढऱ्यात साधारण साडेतीन ग्रॅम प्रोटीन असते, अन् डायलिसिसवाल्याले किलोमागं दिवसाला 1 ते 1.2 ग्रॅम लागते, आजारपणात ते तोडू नका. डायलिसिस नसंल तर डॉक्टरलेच विचारा.

भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळा, पाणी फेका, मंग फोडणी द्या. पापड, लोणचं, पाकिटातलं सूप बंद. लो सोडियम मीठ तर नकोच, त्यात पोटॅशियमच असते.

काढा, चहा, पेज सगळं डॉक्टरनं दिवसाचं जेवढं पाणी ठरवून दिलं त्याच्याच हिशोबात धरा. मी सकाळीच बाटली भरून ठेवो, जे पिलं तेवढं त्यातून कमी. ताप जास्त असला, उलटी-जुलाब लागले तर पाणी किती वाढवायचं ते फोनवर विचारून घ्या. अंगदुखीले मेडिकलातून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक आणू नका. दम लागला तर थांबू नका, लगेच दवाखान्यात न्या.