ताप उतरला म्हणजे घोडी बरी झाली असं नाही

दत्तजयंती जवळ आली की शहादा-दोंडाईच्याकडची तरुण पोरं विचारायला येतात, "दादा, सारंगखेड्याला घोडं घ्यायचंय, काय काय बघू?" देवमण, कंठ, भोवरे, पंचकल्याणी या घोड्याच्या अंगावरच्या खुणा त्यांना आधीच पाठ असतात. तापीकाठच्या त्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या याच खुणांवर सौदे होत आलेत, त्याला माझी हरकत नाही. पण मी त्यांना सगळ्यात आधी मेडिकलमधून थर्मामीटर आणायला सांगतो. असं का, ते समजायला मैनाची हकीकत सांगावी लागते.

मैना वरातीची नुकरी, म्हणजे पांढरी, घोडी. उमेदीची सगळी वर्षं बँड आणि डीजेपुढे गेली. पाय आखडायला लागले, सुपाऱ्या कमी झाल्या, मालकाला रोजची चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, परवडेना, तेव्हा मी तिला सांभाळायला मागून घेतली. आमच्या शेतात एक जुनं तट्टू होतं, दोन म्हशी होत्या, जागा भरपूर होती. अशी घोडी आणणाऱ्यांना एवढंच सांगतो की सुरुवातीला खोगीर घालूच नका. तिचं तोंड आधी उघडून बघा. काटेरी लगामाला १९६५ च्या नियमांनी बंदी आहे, तरी वरातीच्या घोड्यांच्या तोंडात त्याचे जुने व्रण सापडतात. मैनाच्याही होते. तिला नुसती मोरकी घालायची, रोज खरारा करायचा आणि माणूस जवळ आला की ओझं येतंच असं नाही, हे तिला कळेपर्यंत थांबायचं. ढोल ऐकला की ती जागच्या जागी पाय उचलायची, ते मात्र शेवटपर्यंत गेलं नाही.

खाण्याचं थोडक्यात. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात चुकीचं गेलं की ते बाहेर यायला वरची वाट नाही. एकदम तोबराभर चंदी देऊ नका, चारा दिवसभर थोडा थोडा द्या, पाणी सतत समोर ठेवा. खानदेशात कडबा मुबलक, पण ज्वारीची कोवळी पोंग किंवा कापणीनंतरचे फुटवे घोड्यापुढे टाकू नका, ते विषारी असतात. कोंबड्यांचं खाद्य जवळ ठेवूच नका. त्यात कधी कधी मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं, कोंबड्यांना ते चालतं आणि घोडा थोड्याशा मात्रेनेही मरतो.

आता मुख्य गोष्ट. आमच्या तालुक्यातल्या डॉक्टरांनी मैना आली तेव्हाच सांगितलं होतं, निरोगी असताना तिचे आकडे लिहून ठेव. मोठ्या घोड्याचं तापमान ९९ ते १०१.५ फॅरनहाइट, नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६. पुस्तकातला आकडा हा असा पसरट असतो. तुमच्या घोडीचा नेहमीचा आकडा कोणता, ते तुम्हालाच शोधावं लागतं. मोजायचं पहाटे, सावलीत. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, दुपारी मोजलेल्या आकड्यावरून काही ठरवता येत नाही. थर्मामीटरला दोरा बांधायचा, मागे सरळ उभं न राहता बाजूला उभं राहायचं, शेपूट हलकेच बाजूला करायची. नाडी जबड्याच्या हाडाखाली बोटाला लागते. हिरड्यांचा रंगही रोज बघायचा.

पावसाळा सरत होता. गोठ्यात माश्या माजल्या होत्या. आमच्या वहीत मैनाचा एका पहाटे १०४ आकडा आला. दुसऱ्या दिवशी ताप कमी, मग अगदी नेहमीसारखा. ती खात होती, पाणी पीत होती, लीद ठीक होती. बघणारा म्हणाला असता, उतरला ताप, झाली बरी. डॉक्टरांनी फोनवर वही वाचून दाखवायला सांगितली आणि म्हणाले, "पुन्हा चढेल. चढला की लगेच कळव, रक्त तेव्हाच घ्यायचं."

तो होता सर्रा. रक्तात पोहणारा एक सूक्ष्म परजीवी, ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी. १८८० मध्ये डेरा इस्माईल खान इथे ग्रिफिथ इव्हान्स या डॉक्टरने घोड्या-उंटांच्या रक्तात तो पहिल्यांदा पाहिला, म्हणून ते नाव. हा परजीवी आपलं वरचं आवरण बदलत राहतो. शरीर एका रूपाला ओळखून मारायला लागतं, तोवर दुसऱ्या रूपाची पिलावळ तयार असते. त्यामुळे ताप लाटेसारखा येतो आणि जातो, आणि मधल्या काळात रक्त तपासलं तर त्यात बहुतेकदा काहीच दिसत नाही. पुढचा ताप चढला त्या सकाळीच डॉक्टर आले. काचेवरच्या ताज्या थेंबात तांबड्या पेशींना ढुसण्या देत काहीतरी वळवळताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. थर्मामीटरची वही नसती तर ती सकाळ हातातून गेली असती, म्हणून मी पोरांना तेच आधी आणायला लावतो.

बाकीच्या खुणाही ओळखून ठेवा. चंदी नीट खाऊनही बरगड्या दिसायला लागतात. हिरड्या फिकट किंवा पिवळसर होतात. पायांवर आणि पोटाखाली सूज येते, बोटाने दाबलं तर खळगा तसाच राहतो. हा रोग पसरवते ती मोठी चावरी घोडमाशी. तिचा चावा दुखतो, जनावर शेपूट मारतं, माशी अर्ध्यावर उठते आणि उरलेली भूक भागवायला शेजारच्या जनावरावर बसते. सोंडेवरचं रक्त ताजं असतं तेवढ्याच थोड्या वेळात रोग पोचतो. गाई-म्हशींना बऱ्याचदा काही जाणवतही नाही, पण त्यांच्या रक्तात तो राहतो. खानदेशात घोडा म्हशींच्याच गोठ्यात बांधायची पद्धत आहे. अंतर ठेवा, लीद रोज लांब न्या, संध्याकाळी धूर करा, जाळी लावा.

गावात लोकांनी विचारलं, पोरांना लागेल का हा रोग? माणसाला तो होणं अतिशय दुर्मीळ. २००४ साली आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला झाल्याचं सिद्ध झालं, तेव्हा जगभरच्या शास्त्रज्ञांनी त्याची दखल घेतली. घोड्यांच्या शेंबड्या रोगाची, ग्लँडर्सची, गोष्ट मात्र वेगळी. तो माणसाला होतो आणि जीवघेणा ठरतो. २००९ च्या कायद्याने तो कळवणं बंधनकारक आहे.

मैनाला क्विनापायरामिनची इंजेक्शनं दिली. हे औषध डॉक्टरांच्याच हातचं, मात्रा वजनावर ठरते, टोचल्या जागी मोठी सूज येते. ती सावरली. हिवाळ्यात तिच्या अंगावर पुन्हा चकाकी आली, तट्टूच्या मानेवर मान टाकून उन्हात उभी राहायची. मला वाटलं, जिंकलो. मग होळीच्या सुमाराला तिचे मागचे पाय झोकांड्या खायला लागले. वळताना एक पाय दुसऱ्यात अडकायचा. डॉक्टर बराच वेळ काही बोललेच नाहीत. परजीवी मेंदू-मज्जारज्जूपर्यंत पोचला होता, आणि रक्तातलं औषध तिथे नीट पोचत नाही. पुन्हा उपचार केले. एका सकाळी ती पडली आणि उठवूनही उठेना.

नवख्यांशी या दिवसाबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. घोडा फार काळ आडवा राहू शकत नाही. त्याच्याच वजनाने खालच्या बाजूचे स्नायू दबतात, फुप्फुसं दबतात, धडपडीत डोकं फुटतं. बरं होण्याची आशा नसेल तर डॉक्टर भुलीचं औषध देऊन त्याला सोडवतात, आणि कायद्याची त्याला परवानगी आहे. मला ते तोंडातून काढवत नव्हतं. आमच्या गल्लीतले आबा, ज्यांचं सगळं आयुष्य टांगा हाकण्यात गेलं, तिच्या कानामागे खाजवत म्हणाले, "थकी गयी रे भाऊ ती. आते तिले जाऊ दे." मी डॉक्टरांना होकार दिला. शेवटपर्यंत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी तिच्याशी बोलत होतो. तुम्हीही तिथेच थांबा, तिला तुमचा आवाज ओळखीचा असतो.

काही गोष्टी तेव्हा सुचत नाहीत, आधीच ठरवून ठेवा. जेसीबी कोणाचा, खड्डा कुठे. विहीर आणि नाल्यापासून लांब, खोल खड्डा, वरून चुना. भुलीचं औषध दिलेलं मढं उघड्यावर टाकलं तर खाणारी कुत्री आणि गिधाडंही मरतात. तिच्या जोडीच्या जनावराला तिचा देह हुंगू द्या. आमच्या तट्टूने हुंगलं, बराच वेळ उभा राहिला आणि मग चरायला गेला. ज्यांनी हे करू दिलं नाही त्यांची जनावरं दिवसेंदिवस हाका मारत फिरल्याचं मी ऐकलंय.

लोक म्हणाले, "घोडीच होती ना, दुसरी आण." वाईट हेतूने नव्हे. पण पहाटे उठून थर्मामीटर हातात घेतल्यावर मोजायला कोणी नसतं, ते मला अजून सोसत नाही. त्या आठवड्यात मी म्हशींचं आणि तट्टूचं रक्त तपासून घेतलं. एका म्हशीत सर्रा निघाला, तिच्यावर उपचार झाले. तुमच्याकडे असं काही घडलं तर दुःखातही हे काम पुढे ढकलू नका.

यंदा सारंगखेड्याला जाणार असाल तर ग्लँडर्सच्या तपासणीचा दाखला मागा, सर्र्यासाठी रक्त तपासा आणि नवं जनावर घरच्या जनावरांपासून काही आठवडे वेगळं बांधा. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधीच ओळख करून ठेवा, जनावरांच्या डॉक्टरी मदतीचा १९६२ हा नंबर फोनमध्ये टाका. माझी वेगळी पागा सध्या मोकळीच आहे. बाजारातून घोडं घेऊन आलात आणि घरी वेगळी जागा नसेल, तर ते काही दिवस माझ्याकडे बांधा. पहाटे तुम्हीही या, नाडी कुठे लागते ते दाखवतो.