वाघोलीचं निळं कॅव्हनसाइट ओळखताना

निळं काही चमकलं की हात आधी तिकडेच जातो. माझा आग्रह असा की रंग शेवटी बघा, आधी खडक बघा. पुण्याजवळ वाघोलीच्या दगडखाणींत कॅव्हनसाइट हे निळं खनिज मिळतं ते मुख्यतः ज्वालामुखीच्या तुकड्यातुकड्यांनी बनलेल्या खडकात. एकसंध, घट्ट काळ्या पाषाणात ते शोधत बसू नका. खाणमालकाची परवानगी घ्या, हेल्मेट घाला आणि उभ्या कड्याखाली थांबू नका. नव्यानं फोडलेल्या दगडांचा ढीगच पुरेसा असतो.

आता शेजारी ओळखा. खडकातल्या पोकळीच्या भिंतीवर ह्यूलँडाइट किंवा स्टिलबाइट ही खनिजं असतात. स्टिलबाइटचे पांढरट जुडगे मध्ये आवळलेल्या पेंढीसारखे दिसतात. त्यांच्यावर टेकलेला गडद निळा गोळा दिसला, की दहापटीचं भिंग काढा. एका केंद्रातून फुटलेले सुईसारखे स्फटिक आणि त्यांची सुटी टोकं दिसायला हवीत. गोळा आधीच फुटलेला असेल तर फारच छान, कारण निळाई थेट गाभ्यापर्यंत पोचलेली दिसते. हा रंग व्हॅनेडियमचा, स्फटिकाच्या घडणीतलाच.

विकत घेताना हेच भिंग जास्त उपयोगी पडतं. कॅव्हनसाइट म्हणून कधी निळं रंगवलेलं ओकेनाइट, हे मुळात पांढरं खनिज, खपवलं जातं; त्यात रंग खाचांत साचतो. अ‍ॅसिटोनमध्ये बुडवलेला कापूस टेकवला तर बहुधा कापसावर उतरतो. खरा गोळा दुसऱ्याच स्टिलबाइटवर चिकटवलेलाही असतो. गोळ्याच्या बुडाशी अतिनील टॉर्च मारा, बरेचसे गोंद तिथं चमकून उठतात.

कॅव्हनसाइटचा कठीणपणा मोस मापावर (१ ते १०) ३ ते ४, म्हणजे चाकूनं ओरखडा उठतो. पण चांगल्या नमुन्यावर चाकू चालवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. गळून पडलेला कण पुरतो. त्याच कणावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका: अझुराइट हे दुसरं निळं खनिज फसफसतं, कॅव्हनसाइट नाही. कण सुटाच हवा, खाली कॅल्साइट (आम्लात फसफसणारं चुन्याचं खनिज) असेल तर फेस त्याचा येईल.

खरी कसोटी पेंटागोनाइट या जुळ्या भावासारख्या खनिजापासून वेगळं ओळखण्याची. रासायनिक घटक तेच, रंगही तोच, फक्त अणूंची मांडणी वेगळी. दोन्ही खनिजांचं वर्णन अमेरिकेतल्या ओरेगनच्या नमुन्यांवरून १९७३ मध्ये एकत्रच प्रसिद्ध झालं. पेंटागोनाइटची पाती जास्त सुटी, तलवारीसारखी. जुळे स्फटिक टोकाकडून पाहिले तर पाच कोनांची चांदणी दिसते. गच्च गोळा असेल तर कौल कॅव्हनसाइटकडे. मात्र पाती मोकळी असून चांदणी दिसत नसेल, तर मी खाणीत नाव ठरवत नाही. चिठ्ठीवर प्रश्नचिन्ह टाकतो आणि क्ष-किरण विवर्तनासाठी (अणूंची मांडणी दाखवणाऱ्या प्रयोगशाळेतल्या तपासणीसाठी) एक कण राखून ठेवतो.

गोळा आधाराच्या दगडासकट उचला. घरी फक्त पाणी आणि मऊ ब्रश वापरा. आम्लात बुडवलात तर कॅल्साइट विरघळेल आणि त्यावर बसलेला गोळा सुटून पडेल.